गुरुवारची सुट्टी आणि दोनशे चाळिसावा दिवस

भोसरीत रविवार गुरुवारी येतो. बाहेरगावचा पाहुणा रविवारी सकाळी एमआयडीसीत शिरला तर त्याला हा कामाचाच वार वाटेल. टपरीवर चहाची गर्दी, हँडलला डबा अडकवलेल्या मोटरसायकली, आतून येणारा प्रेसचा ठोका. गुरुवारी त्याच गल्ल्या ओस असतात. शटरं खाली आणि गेटवरचा वॉचमन खुर्ची सावलीत ओढून बसलेला. याचं कारण साधं आहे. विजेचा भार सगळीकडे एकदम पडू नये म्हणून औद्योगिक भागांच्या साप्ताहिक सुट्ट्या वेगवेगळ्या वारांना वाटून दिल्या गेल्या, आणि इथल्या वाट्याला गुरुवार आला. जुनी माणसं त्याला अजून ‘स्टॅगरिंग’च म्हणतात.

कायद्याने याला जागा ठेवली होती. १९४८च्या फॅक्टरी अ‍ॅक्टचं ५२वं कलम सांगे की रविवारी कामगाराला कामावर बोलवायचं नाही. बोलवायचंच असेल तर त्या रविवारच्या आधीच्या तीन किंवा नंतरच्या तीन दिवसांत त्याला एक पूर्ण सुट्टी द्यायची, इन्स्पेक्टरला तसं कळवायचं, कारखान्यात नोटीस लावायची, आणि सुट्टीशिवाय सलग दहा दिवसांहून जास्त काम करून घ्यायचं नाही. आता रविवारापासून मागे मोजा. शनिवार, शुक्रवार, गुरुवार. बरोबर तिसरा दिवस. कायद्याने जितकी दोरी दिली, तिच्या अगदी टोकाला इथली सुट्टी बांधलेली आहे.

मालकाला, कामगाराला आणि वीज मंडळालाही हे चाललं. चाललं नाही ते घराला. मुलांची शाळा रविवारी बंद आणि बापाची कंपनी गुरुवारी. साखरपुडा, बारसं, शाळेतली पालकसभा हे सगळं रविवारी. म्हणजे नियमाप्रमाणे सुट्टी असलेल्या माणसालाही घरच्या कामासाठी पुन्हा रजा टाकावी लागते. या पट्ट्यात ‘सुट्टी’ आणि ‘रजा’ हे दोन शब्द कुणी एकमेकांच्या जागी वापरत नाही, ते यामुळेच. सुट्टी कंपनी देते. रजा मागावी लागते.

रविवार तरी कुठे आपोआप मिळाला होता? मुंबईच्या गिरण्यांत १८८०च्या दशकात आठवड्याची ठरावीक सुट्टी नव्हती. यंत्रं साफ करायला गिरणी थांबली तर थांबली, सणाला थांबली तर थांबली. १८८१च्या पहिल्या फॅक्टरी अ‍ॅक्टने महिन्याला चार सुट्ट्या दिल्या त्या फक्त बालकामगारांना. मोठ्यांसाठी काही नाही. सत्यशोधक चळवळीतून आलेले, ‘दीनबंधू’ चालवणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४च्या सप्टेंबरात परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. त्यात पहिली मागणी आठवड्याच्या सुट्टीची होती. लोखंड्यांनी रविवारसाठी दिलेली सबब मला फार आवडते. साहेबाचा चर्चचा दिवस म्हणून त्यांनी रविवार मागितला नाही. रविवार हा खंडोबाचा वार आहे, आणि गिरणीत राबणाऱ्या घाटी माणसाचं ते कुलदैवत आहे, म्हणून मागितला. साहेबाला त्याचा सब्बाथ आणि कामगाराला त्याचा मल्हारी, दोघांचा वार एकच. याला नाही म्हणणं अवघड होतं, तरी सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायका उभ्या राहून बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली आणि पुढच्या वर्षीच्या कायद्यात ती आली. लोखंडे १८९७ साली मुंबईच्या प्लेगात गेले.

ही सुट्टी बिनपगारी होती, हे बहुतेक भाषणांत सांगायचं राहून जातं. न भरलेल्या दिवसाला गिरणीत ‘खाडा’ म्हणत. हजेरीच्या वहीत पडलेला खड्डाच तो. कोकणातला आणि घाटावरचा गिरणी कामगार शेतीतून पुरता सुटलेला नव्हता. शिमगा, गणपती, पेरणी, गावची जत्रा, आईचं दुखणं, कशासाठी तरी तो गावी जाणारच. मालक त्याला दांडी समजे, कामगार त्याला घर समजे. या दोन समजुतींच्या मधल्या फटीत ‘बदली’ नावाचा माणूस जन्माला आला. रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभा राहायचं, कुणाचा खाडा पडला असेल तर त्याच्या जागी आत जायचं. नाही पडला तर घरी. आत कोण जाणार हे जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, ठरवी, आणि जॉबरचा हात ओला केल्याशिवाय ठरत नसे. १९३५मध्ये मालक संघाने बदली नियंत्रणाची योजना आणली, कार्डं दिली. पण मूळ गोष्ट तशीच राहिली. एका कामगाराच्या रजेवर दुसऱ्या कामगाराची भाकरी अवलंबून होती. बदली हा शब्द भोसरीपलीकडच्या चाकणला आज क्वचित ऐकू येतो. माणूस मात्र ओळखीचा वाटतो.

पगारी रजेची कल्पना जिनिव्हातून आली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९३६मध्ये पगारी सुट्ट्यांचा करार केला. हिंदुस्थानात ती कायद्यात उतरली १९४५ साली, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना. वर्षभर सलग नोकरी केलेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवस पगारी सुट्टी. तीन वर्षांनी आलेल्या फॅक्टरी अ‍ॅक्टने आणि त्याच्या पुढच्या दुरुस्तीने हिशोब बदलला. कॅलेंडर वर्षात २४० दिवस काम केलं की त्याच्या पुढच्या वर्षी, केलेल्या दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा. यातली ‘वीसला एक’ ही अर्धी ओळ सगळ्यांच्या लक्षात राहिली. इतिहास घडवला तो उरलेल्या अर्ध्या ओळीने. त्या २४०वर पुढे यायचंच आहे.

त्याआधी बाळंतिणीची गोष्ट, कारण रजेचा खर्च कुणी सोसायचा हा प्रश्न पहिल्यांदा तिथे उघडपणे विचारला गेला. १९१९मध्ये वॉशिंग्टनला झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी हजर होते. त्याच परिषदेत बाळंतपणाच्या रजेचा ठराव झाला. जोशींनी १९२४मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात तसं विधेयक आणलं आणि ते पडलं. मग मुंबई कायदेमंडळात प्रयत्न झाला. २८ जुलै १९२८ रोजी आंबेडकर त्या विधेयकाच्या बाजूने बोलले. त्यांचं म्हणणं असं होतं की आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून हा भार खरं तर मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा. पण सरकार उचलत नाही म्हणून मालकाने हात झटकायचे असंही चालणार नाही, कारण बायकांना कामावर ठेवण्यात त्याचा फायदा आहे, म्हणूनच तो ठेवतो. १९२९ साली मुंबई प्रांताचा कायदा झाला, देशातला पहिला.

भार मालकाच्या एकट्याच्या खिशावर आला. मुंबईच्या गिरण्यांतून पुढच्या दशकांत बायका कमी होत गेल्या. त्याला यंत्रं, पाळ्या, रात्रपाळीची बंदी अशी इतरही कारणं होती. पण बाई नेमली की बाळंतपणाचं बिल आपल्या नावावर येतं हे गणित मालकाच्या डोक्यात त्या काळात जे बसलं ते आजही चाकणच्या एचआर खात्यात कुणी मोठ्याने म्हणत नाही आणि कुणी विसरतही नाही. त्यावरचा शहाणा उतारा म्हणजे ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूरला नेहरूंनी योजनेचं उद्घाटन केलं. कामगार थोडे भरतो, मालक जास्त भरतो, आणि आजारपणात किंवा बाळंतपणात पगाराऐवजी मिळणारी रक्कम महामंडळ देतं. एका मालकाकडे किती बायका आहेत याला मग काही अर्थ उरत नाही. चिंचवडला मोहननगरात ईएसआयचं हॉस्पिटल आहे. तिथल्या रांगेला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि ती रांग तशी आहेही. पण आजारात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम, आणि ती घेत असताना मालकाला कामावरून काढायला बंदी, हे याच रांगेतून मिळतं.

१९५४मध्ये पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. औषधं बनवणारी देशातली पहिली सरकारी कंपनी. तिच्याभोवती वसाहत, शाळा, मैदान. १९६२मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढच्या दहा वर्षांत पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या खेड्यांची नावं पत्रिकेतल्या ‘नोकरी’च्या रकान्यात दिसू लागली. टेल्को, बजाज, त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या शेकडो शेड्स. १९७०ला नगरपालिका, १९८२ला महापालिका. या सगळ्याच्या मधोमध होता ‘पर्मनंट’ कामगार. त्या शब्दाचं वजन आजच्या मुलांना सांगून कळणार नाही. पर्मनंट म्हणजे पगारापेक्षाही जास्त काहीतरी होतं. सासुरवाडीला पगाराच्या आकड्याआधी तोच शब्द विचारला जाई.

पर्मनंट माणसाची रजा कशी बनलेली होती ते जरा निवांत पाहण्यासारखं आहे. पीएल, म्हणजे हक्काची पगारी रजा, आली फॅक्टरी अ‍ॅक्टमधून. पंधरा दिवस आधी अर्ज द्यायचा. वर्षात तीनदाच घेता येई. न घेतलेली तीस दिवसांपर्यंत पुढे जाई. पण अर्ज देऊनही कंपनीने नाकारली असेल तर ती किती साठली याला मर्यादा नव्हती, आणि हे कलम फार थोड्यांनी वाचलेलं असे. आजारासाठी पीएल हवी असेल तर पंधरा दिवसांची अट नव्हती. ताप अर्ज देऊन येत नाही एवढी समज कायदा लिहिणाऱ्याला होती. चार किंवा जास्त दिवसांची रजा मंजूर झाली की त्या दिवसांचा पगार रजेवर जाण्याआधी हातात द्यायचा, असंही कलम ८१ होतं. विठोबाला निघालेल्या माणसाच्या खिशात चार पैसे असावेत म्हणून ते लिहिलं असावं असं मला उगीचच वाटतं. प्रत्यक्षात ते कागदावरच राहिलं.

सीएल, म्हणजे किरकोळ रजा, मात्र फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये कुठेच नव्हती. ती येई स्थायी आदेशांतून, म्हणजे कारखान्याच्या सेवाशर्तींच्या नियमांतून, आणि युनियनच्या करारातून. केंद्राच्या नमुना स्थायी आदेशांत ती वर्षाला दहा दिवसांपर्यंत होती, एका वेळी तीन दिवस, पगारी किंवा बिनपगारी. ‘किंवा’ या शब्दावर या पट्ट्यात कितीतरी करार अडले. आता हे तीन दिवस एका मयताला लावून बघा. गावाहून फोन आला, रात्रीची एसटी धरली, सावडणं झालं की सीएल संपली. परत या, दोन पाळ्या भरा, आणि दहाव्याला पुन्हा जा, तेही सुपरवायझरने सही केली तर. खासगी कारखान्यातल्या माणसाला जवळचं कुणी गेलं तर रजा दिलीच पाहिजे असा कायदा आजही नाही. लग्नासाठी नाही. बाप झाल्याबद्दलही नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पितृत्वाचे १५ दिवस मिळतात, आणि त्याच सोसायटीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या फिटरला शून्य. मोठ्या कंपन्यांत जे काही मिळालं ते दर तीन वर्षांनी होणाऱ्या करारात, पगारवाढीच्या मागून, कलमाकलमाने भांडून मिळालं. करारावर सह्या झाल्या की पेढे पगारवाढीचे वाटले जात. वाढलेल्या दोन सीएलचे पेढे कुणी वाटले नाहीत.

आषाढात या भागात रजेची वेगळीच परीक्षा लागते. तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि आकुर्डीला तिचा देहूबाहेरचा पहिला मुक्काम असतो. दुसऱ्या दिवशी ती चिंचवड, पिंपरी, कासारवाडी करत मुंबई-पुणे रस्त्यानेच पुण्याला जाते, म्हणजे कंपन्यांच्या दारावरून. माउलींची पालखी आळंदीहून निघते, भोसरी-चाकणच्या उशापासून. पंढरपूरपर्यंत जायला पंधरवड्याहून जास्त दिवस लागतात. एवढी पीएल साठवायची म्हणजे घरच्या लग्नाला नाही म्हणायचं. म्हणून पुष्कळजण एक मुक्काम चालतात, पुण्यात दर्शन घेतात आणि सेकंड शिफ्टला पंच करतात. अर्धी वारी. त्यांना विचारलं तर ते हसून म्हणतात, विठोबालाही आमची शिफ्ट माहीत आहे.

रजेवरून उशिरा परतलेल्याचं काय होतं, हा प्रश्न न्यायालयात गेला. नमुना आदेशांत अशी तरतूद होती की रजा संपल्यावर आठ दिवसांत आला नाही आणि पटेल असं कारण दिलं नाही तर त्याचा जागेवरचा हक्क जातो. कंपन्यांनी आपापल्या आदेशांत ती आणखी कडक करून घेतली. आठ दिवस गैरहजर म्हणजे माणसाने नोकरी सोडली असं धरून नाव कमी करायचं. चौकशी नाही, नोटीस नाही. डी. के. यादव नावाच्या कामगाराला १९८०च्या डिसेंबरात असंच काढलं होतं. त्याचं म्हणणं होतं की मी गैरहजर नव्हतो, मला गेटवरच अडवलं. १९९३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जेएमए इंडस्ट्रीजविरुद्धच्या त्याच्या खटल्यात निकाल दिला की माणसाचं ऐकून न घेता असं नाव कमी करता येणार नाही, ते नैसर्गिक न्यायाविरुद्ध आहे आणि जगण्याच्या हक्कालाही धक्का लावणारं आहे. त्याला कामावर परत घ्यायला लावलं, अर्ध्या थकीत पगारासह. गेटवर अडवल्यापासून बारा वर्षांहून जास्त गेली होती. तेव्हापासून कारखान्यांत चौकशीची नोटीस गावच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने जाऊ लागली. रजिस्टर पोस्ट आलं म्हणजे पोराने काहीतरी घोळ केलाय, हे गावाकडच्या म्हाताऱ्यांनाही कळू लागलं.

मग चाकण आलं. कांद्याचा बाजार आणि फिरंगोजी नरसाळ्याचा संग्रामदुर्ग एवढीच ओळख असलेलं गाव. १९९९मध्ये बजाजचा कारखाना, २००९मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज, पाठोपाठ महिंद्रा. खराबवाडी, महाळुंगे, नाणेकरवाडी, कुरुळी इथल्या शेतकऱ्यांनी उरलेल्या गुंठ्यांवर दहा बाय दहाच्या खोल्या बांधल्या, आणि त्यांत मराठवाडा, विदर्भ, खानदेशातली आयटीआय झालेली पोरं चौघं-चौघं राहू लागली. पण आकुर्डीच्या पिढीला जो शब्द मिळाला होता तो यांच्यातल्या थोड्यांनाच मिळाला. बाकीचे टेम्पररी, ट्रेनी, अप्रेंटिस, कॉन्ट्रॅक्ट. अप्रेंटिस तर कायद्याने कामगारच नाही. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचं १८वं कलम तसं स्पष्ट म्हणतं.

आता तो आकडा. महाराष्ट्राच्या नमुना स्थायी आदेशांत ४-सी नावाचं कलम होतं. मागच्या बारा महिन्यांत एकूण २४० दिवस अखंड सेवा झालेल्या बदली किंवा टेम्पररी कामगाराला पर्मनंट करायचं. पगारी रजेसाठीही २४०. कामावरून कमी करताना नोटीस आणि भरपाई द्यावी लागते तीही वर्षात २४० दिवस भरलेल्याला. शिवाय अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या खटल्यात १९८५ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरपाईसाठी हे दिवस मोजताना रविवार आणि पगारी सुट्ट्याही धरायच्या. म्हणजे कॅलेंडरचे साधारण आठ महिने. मग सातव्या महिन्याच्या शेवटी काय करायचं हे ठेकेदाराला कुणी शिकवायला लागलं नाही. ‘ब्रेक’. गेटपास जमा करायचा, हिशोब घ्यायचा, महिना-दोन महिन्यांनी दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर, कधी त्याच मशीनवर, परत यायचं.

हा कायद्याच्या डोळ्यांत धूळ टाकण्याचा प्रकार आहे हे कायद्याला आधीपासून ठाऊक होतं. पर्मनंटचे हक्क मिळू नयेत या हेतूने माणसांना वर्षानुवर्षं बदली, कॅज्युअल किंवा टेम्पररी ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा आहे, असं महाराष्ट्राच्या १९७१च्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत सहाव्या क्रमांकावर स्वच्छ लिहिलं आहे. हेतू सिद्ध करायला औद्योगिक न्यायालयात जावं लागतं, आणि न्यायालयात जायला तारखेच्या दिवशी रजा लागते.

ब्रेकचा एक परिणाम असा झाला की खोल्यांवरच्या पोरांनी तीच आपली रजा मानली. बहिणीचं लग्न, घराची डागडुजी, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं ब्रेकमध्ये. ‘लग्न कधी धरायचं?’ या प्रश्नाला मुहूर्ताआधी ‘ब्रेक कधी पडतोय?’ हा प्रश्न येतो. फक्त या रजेला पगार नाही आणि परत घेतील याची हमी नाही. मागच्या शतकातला खाडा एका दिवसाचा असे. हा दीड महिन्याचा खाडा आहे, आणि तो मालकाने पाडलेला.

इथे जुन्या फॅक्टरी अ‍ॅक्टचं एक पोटकलम सांगायलाच हवं, ७९चं तिसरं. कामगाराला कमी केलं, त्याने स्वतः सोडलं किंवा तो वारला, तर तोपर्यंत केलेल्या कामाच्या वीसला एक या दराने रजेचे पैसे त्याला किंवा वारसाला द्यायचे. २४० दिवस भरलेले नसले तरी. कमी केलं असेल तर दुसऱ्या कामाच्या दिवसाच्या आत. सात महिन्यांत १८० दिवस भरलेल्या पोराचे नऊ दिवसांचे पैसे होत. हिशोबाच्या चिठ्ठीवर सही करण्याआधी या नऊ दिवसांचं विचारणारा मुलगा पाहिलेला टाइम ऑफिसमधला माणूस विरळाच.

बायकांची गोष्ट या पट्ट्यात उशिरा सुरू झाली. १९७४मध्ये टेल्कोची, म्हणजे पुढच्या टाटा मोटर्सची, जाहिरात आली की स्त्रियांनी अर्ज करू नयेत. बंगळूरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णींनी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्तींनी, जे. आर. डी. टाटांना खरमरीत पोस्टकार्ड पाठवलं, आणि त्यांना पुण्यात नोकरी मिळाली. ही गोष्ट आता शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. पण पोस्टकार्डाने इंजिनिअर आत आली, लाइनवरची कामगार नाही. पिंपरीत ती मोठ्या संख्येने यायला जवळजवळ अर्धं शतक लागलं. २०२२मध्ये टाटा मोटर्सच्या पुण्यातल्या कारखान्यात हॅरियर आणि सफारी जोडणाऱ्या लाइनवर सुमारे १,५०० मुली असल्याची बातमी आली. त्याच्या आधी चाकणला बजाजची डॉमिनारही मुलींच्याच लाइनवर बनू लागली होती.

मधल्या काळात कायदा पुढे सरकला होता. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्याने १२ आठवडे दिले. १ एप्रिल २०१७पासून ते २६ झाले, दोन मुलं असतील तर पुढच्या बाळंतपणाला १२च. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा. जुन्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये पाळणाघरासाठी तीसहून जास्त बायका असाव्या लागत. नव्या कायद्याने बायका मोजायचं सोडून माणसं मोजायला सुरुवात केली. तीसचा आकडा ओलांडू नये म्हणून बायकाच कमी घ्यायच्या, ही पळवाट त्याने बुजवली. एवढा बारीक विचार केलेला कायदा क्वचित दिसतो.

पैसे कोण देणार, हा २८ जुलै १९२८चा प्रश्न मात्र तिथेच राहिला. ईएसआयची पगारमर्यादा २०१७पासून महिना २१,००० रुपये आहे. तिच्या खालच्या बाईला २६ आठवड्यांचे पैसे महामंडळ देतं. वरच्या बाईला कंपनी, तेही स्वतःच्या तिजोरीतून. म्हणजे जी मुलगी पर्मनंट झाली, पगार वाढला, तीच मालकाला महाग पडते. ठेक्यावरची मुलगी बाळंतपणात काहीच महाग पडत नाही, पण तिची ऑर्डरच सातव्या महिन्यात संपते. ईएसआयकडून पैसे मिळायला तिचे फक्त ७० दिवसांचे हप्ते भरलेले असावे लागतात, तेवढे असतात. पैसे मिळतात. परत यायला जागा मिळत नाही. मस्टरवरच्या रोजंदारी बायकांनाही बाळंतपणाचे हक्क आहेत असं सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या खटल्यात ८ मार्च २०००ला सांगितलं, आणि कराराची मुदत संपली तरी लाभ मुदतीपलीकडे चालू राहतो असं २०२३मध्ये डॉ. कविता यादव यांच्या खटल्यात. दोन्ही निकालांत लाभ म्हणजे पैसा आहे. जागेचं कोडं तसंच आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ला केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि या पट्ट्यातल्या सगळ्या ओळखीच्या आकड्यांची पानं एकदम उलटली. महाराष्ट्रात ५० कामगार असले की स्थायी आदेश लागायचे. नव्या औद्योगिक संबंध संहितेत ती मर्यादा ३०० आहे. भोसरीतल्या किती शेड्समध्ये तीनशे माणसं असतात? टपरीवर उभं राहून बोटांवर मोजता येतील. स्थायी आदेश गेले की त्यातली सीएल गेली, ४-सी गेलं, आठ दिवसांचा वादही गेला. जे उरेल ते नेमणूकपत्रात लिहिलं असेल तेवढं. सगळ्यांना नेमणूकपत्र देणं मात्र आता सक्तीचं आहे, हे संहितांच्या बाजूने मांडायला हवं.

दुसरा आकडा रजेचा. २४०च्या जागी १८० दिवस. वीसला एक तसंच. महिन्याला चार गुरुवार वजा करा, २६ दिवस उरतात. १ जानेवारीला लागलेल्या पोराचे जुलैअखेर सात महिने भरतात. सात गुणिले सव्वीस, एकशे ब्याऐंशी. दोन दिवसांनी तो उंबरा ओलांडतो. खराबवाडीच्या खोलीत हा गुणाकार मोबाइलवर करून बघता येतो. ठेकेदाराच्या ऑफिसातही टेबलावर कॅल्क्युलेटर असतो, आणि सात ऐवजी सहा दाबलं तर तिथे एकशे छप्पन्न दिसतं.